मापाची सायकल

४ जानेवारी, शनिवार

फ्रेम गेली. सीटची नळी खालच्या दांडीला जिथे मिळते तिथे केसाएवढी चीर आहे. मिस्त्रीला ती दिसत नव्हती. मी रॉकेल लावून पुसलं, वर पांढरा खडू चोळला, आणि दोन मिनिटांत काळी रेघ उमटली. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, एकोणीस वर्षं ओढलंत तिला. आता सोडा." वेल्डिंगने भागणार नाही हे मलाही कळतं. नवी फ्रेम मागवली. सीट, हँडल, क्रँक, चाकं जुनीच लावायची.

एका अर्थी बरं झालं. दोन-अडीच महिने डावा पाय पायडलवरून सटकतोय, टांग टाकताना तोल जातोय, आणि कारण सापडत नव्हतं. चीर डाव्या बाजूला, पायही डावाच. चिरलेली फ्रेम प्रत्येक दाबाला थोडी वाकते, पायडल पायाखालून निसटतं. गणित जुळलं.

या कामापुरती ही वही. कारखान्याच्या माप-खोलीत मी तेवीस वर्षं गेज, म्हणजे माल तपासायची मापं, तपासतो. शाळा आठवीत सुटली. व्हर्नियरच्या पट्टीने मोजायला कुणी शिकवलं नाही. खोक्यात आलेलं माहितीपत्रक लोक फेकून देत, ते उचलून शिकलो. आता पदवीवाली पोरं अडली की माझ्याकडे येतात आणि पाठ फिरली की मला 'मिलीमीटर' म्हणतात. म्हणोत. दिसलं तेच लिहायचं आणि लिहिलं त्यापुढे सही करायची, एवढंच मी आयुष्यात सांभाळलं. सही नसलेला आकडा म्हणजे गप्पा.

चहाच्या वेळी हिला सांगितलं, की जुन्या सायकलची सगळी मापं घेऊन नवी तशीच बसवणार. ही घरी शिवणकाम करते. म्हणाली, "म्हणजे मापाचा शर्ट." गिऱ्हाईक जुना शर्ट आणून टाकतं आणि याच्यावरून शिवा म्हणतं, तो.

"अगदी तेच," मी म्हटलं.

दाताने दोरा तोडत ती म्हणाली, "त्यात एक गोम असते हं. मापाच्या शर्टावरून शिवलेला शर्ट बसतो, पण तो जुना शर्ट शिवला तेव्हाच्या माणसाला."

मी हसलो. कापड आटतं. लोखंड आटत नाही.

५ जानेवारी, रविवार

मापं घेतली. आधी पाणसळ ठेवून फरशी पाहिली; स्वयंपाकघराच्या दारापाशी सपाट आहे. दोन्ही टायरांत हवा सारखी. पुढचं चाक सरळ. ही सायकल उभी धरून होती. "श्वास घेऊ ना?" असं विचारून झालं.

सीटची उंची, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून नळीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंत: ७१.४ सेंटीमीटर. सीटच्या नाकावरून ओळंबा सोडला, तो क्रँकच्या मध्याच्या मागे ५.२ वर पडला. सीटचं नाक ते हँडलचा मध्य ५२.८. हँडल सीटपेक्षा २.४ उंच. सीट पाणसळीत, पुढे-मागे झुकाव नाही. प्रत्येक माप दोनदा, एक मिलीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा फक्त ओळंब्याला लागलं, कारण ही शिंकली.

तिने तिची शिवणटेप पुढे केली होती. कापडी टेप ताणते, म्हणून स्टीलचीच वापरली. तिला वाईट वाटलं असं दिसलं नाही.

सही.

१२ जानेवारी, रविवार

नवी फ्रेम जोडून झाली. पाचही मापं जुन्याशी तंतोतंत. दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं, असं मी मिस्त्रीसमोर म्हणालो आणि तो "नाहीच" म्हणाला.

कारखान्यापर्यंत अकरा किलोमीटर जाऊन आलो. डावा पाय तीनदा सटकला. नवं पायडल गुळगुळीत असतं म्हणावं, तर पायडल जुनंच आहे. बुटाचा तळ बघायला हवा.

२० जानेवारी, सोमवार

बुटाला नवा तळ बसवला. फरक नाही. पायडलला खरखरीत पट्टी चिकटवली. फरक नाही.

हल्ली डाव्या पायातली चप्पल चालताना मागे राहून जाते. पट्टा सैल झाला असणार. दोन भोकं आत घेतला. पोटरीत बसल्या जागी काहीतरी लवतं, डोळ्याची पापणी लवते तसं. दुखत नाही. पायडलवर जास्त जोर पडतो त्याचा हा परिणाम.

हिने आणखी एक पँट शिवायला घेतली आहे. ऑगस्टपासूनची ही चौथी. म्हटलं, मला काय बोहल्यावर चढायचंय? "उभे राहा सरळ, बसते का बघू दे," एवढंच. खडूच्या खुणा करत बराच वेळ खाली बसून होती. डाव्या पायाला घोळ जास्त येतो म्हणाली. मी म्हटलं, कापताना चुकलं असेल. ती म्हणाली, "असेल."

३ फेब्रुवारी, सोमवार

मॅनेजर स्वतः माप-खोलीत आले. एक झिजलेलं गेज पास करून हवं होतं. "मास्तर, दोन मायक्रॉनने काय आभाळ कोसळतंय? लिहून टाका आणि सही करा." आमच्याकडे याला गोड माप म्हणतात: ऐकणाऱ्याला हवं असतं ते. मी म्हटलं, "साहेब, गोड माप लिहायला तुमच्याकडे पेन आहे. माझं कडू आहे." पोरं खाली मान घालून हसत होती. गेज बाद केलं. सही केली.

सुटल्यावर फाटकापाशी थांबताना डावा पाय टेकलाच नाही. आडवा झालो. रखवालदार धावत आला. त्याला सांगितलं, साखळी अडकली.

हिला सांगितलं नाही. कोपराचं खरचटलेलं तिने न विचारता धुतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी मापं ताडून बघतो. आज सीट ७१.०. चार मिलीमीटर खाली.

तीनदा मोजलं. म्हणजे सीटखालची नळी फ्रेममध्ये सरकतेय. ती आवळून धरणाऱ्या कडीचा बोल्ट ढिला म्हणावा तर घट्ट होता. पुन्हा ७१.४ ला आणली आणि नळीवर सुईने बारीक रेघ ओढून ठेवली. आता लपून सरकणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

रेघ कडीच्या आत गेलेली. ७०.५. आठवड्यात नऊ मिलीमीटर.

आणखी दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. एक, भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे; त्यात तेरा नंबरचा पाना तोंड उलटं करून टांगलेला होता. घाईत मीच टांगला असणार. मी घाई करत नाही, पण दुसरा उलगडा नाही. दोन, नळीवर निळ्या खडूचा डाग. चीर शोधताना मी वापरलेला खडू पांढरा होता.

तडक मिस्त्रीकडे गेलो. कडी निकृष्ट आहे असं स्पष्ट सांगितलं. त्याने ती काढली, उलटीसुलटी केली, माझ्या हातात दिली. "मास्तर, ही कडी हत्ती बसला तरी सरकणार नाही." मग माझ्याकडे बघत राहिला. "सायकल राहू द्या इथं. तुम्ही त्या पायरीपर्यंत चालून या बघू."

"मी सायकल दाखवायला आलोय," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला.

वीस वर्षांची ओळख आहे, म्हणून उलट बोललो नाही. दुसऱ्या दुकानातून नवी कडी आणली.

२३ फेब्रुवारी, रविवार

विचित्र. काल सायकल कित्येक महिन्यांत चालली नव्हती अशी चालली. चौकात थांबलो तर डावा पाय अलगद टेकला. घरी येईपर्यंत शीळ घालत होतो, हिने विचारलं, "काय हो, लॉटरी लागली?" मी म्हटलं, "बसलं सगळं शेवटी. नव्या फ्रेमला मुरायला वेळ लागतो."

"लागतो ना," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. माझ्या सायकलीचं तिला इतकं अप्रूप कधी नव्हतं.

आज मोजलं तर ६९.८.

कडी नवी, बोल्ट नवा, आणि तरी सोळा मिलीमीटर खाली. बराच वेळ हातात टेप घेऊन बसलो. तशीच ठेवावी असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण आराम वाटतो हे काही माप नव्हे. चुकलेल्या उंचीला बरं वाटणं हा शरीराचा आळस. एकोणीस वर्षं ७१.४ ने सेवा केली. पुन्हा ७१.४.

मी पाना फिरवत असताना ही दारात उभी होती. टेपवरचा आकडा बघितला आणि आत गेली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल पडलो. या वेळी रस्त्याच्या मधोमध, मागून टेम्पो येत होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि खाली उतरून शिव्या घालायला आला होता, मला उठताना बघून गप्प झाला. मला उठवायला दोन माणसं लागली. त्यातला एक म्हणाला, "आजोबा, कशाला सायकल चालवता?" मला त्रेपन्न वर्षं पूर्ण व्हायची आहेत अजून.

हिला कळलंच. कोपराकडे न बघता म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी, सात तारखेला रजा टाका. नसांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय."

"कुणासाठी?"

"सायकलसाठी," ती म्हणाली. आमच्या घरात टोमणा मारायचं काम माझं. मी रजेचा अर्ज लिहायला घेतला.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टर तरुण आहेत. हातोडी मारून बघितली, सुया टोचून यंत्राला तारा जोडल्या, जीभ बाहेर काढायला लावली. शेवटी टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजायला लागले, पँटवरूनच, अंदाजाने कुठेतरी.

मी विचारलं, "गुडघ्यापासून किती वर?"

"अं?"

"दोन्हीकडे एकाच उंचीवर खूण केल्याशिवाय घेर घेतला तर त्याला माप म्हणत नाहीत."

ही म्हणाली, "अहो, पुरे." डॉक्टर मात्र रागावले नाहीत. हे कधीपासून होतंय, असं विचारलं. मी सांगितलं, फ्रेम चिरली तेव्हापासून. ते हिच्याकडे बघायला लागले.

तिने पिशवीतून तिची ऑर्डरची वही काढली. या वहीत गिऱ्हाइकांची नावं आणि छाती-कंबर-बाही असते, सगळी इंचात. मधल्या एका पानावर वर नुसतं 'हे' लिहिलेलं. ते एकच पान सेंटीमीटरमध्ये. तारीख, डावी मांडी, उजवी मांडी. आणि मथळ्याखाली तिच्या गोल अक्षरात: गुडघ्याच्या वाटीवर पंधरा, दोन्हीकडे खडूची खूण करून.

ऑगस्ट: डावी ५१.०, उजवी ५१.४. ऑक्टोबर: ५०.१. डिसेंबर: ४८.८. जानेवारी: ४७.६. फेब्रुवारी: ४६.९. उजवीही पन्नासच्या खाली आली आहे.

चार पँटी.

फेब्रुवारीत उजवीकडे चौथा रकाना सुरू होतो. त्याचा मथळा 'सीट'. ७१.०. ७०.५. ६९.८.

मी ते पान दोनदा वाचलं. चूक शोधत होतो. खूण आहे, जागा ठरलेली आहे, तारखा आहेत, दोन्ही बाजू आहेत. एवढी स्वच्छ नोंद मी माप-खोलीत कुणाकडून करून घेऊ शकलो नाही.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. लांब आहे. नसा एकेक करून सुकतात, त्यांच्यामागे स्नायू सुकतात. आधी पाय, मग हात, मग पुढचं. मी विचारलं, "उलटं फिरतं का?" ते नाही म्हणाले. वेग विचारला. ते म्हणाले, माणसागणिक वेगळा. मी हिच्या वहीकडे बोट दाखवून म्हटलं, "वेग तिथे लिहिलाय."

८ मार्च, शनिवार

सकाळी दोघं बसलो. मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझी टेप तपासली असतीत."

तिची टेप तेव्हा माझ्याच हातात होती. स्टीलच्या पट्टीला लावून बघत होतो. ताणली आहे, मीटरमागे सहा मिलीमीटर कमी दाखवते. म्हणजे फेब्रुवारीची मांडी प्रत्यक्षात ४७.२.

"बघ," मी म्हटलं, "तीन मिलीमीटर मिळाले."

ती हसली, खरंच हसली. मग मशीनवर जाऊन बसली. बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही.

दुपारी विचारलं, सीट खाली करायची कधी? म्हणाली, मी आंघोळीला गेलो की. पाना पहिल्यांदा चुकीच्या बाजूला फिरवत होती. किती खाली घ्यायची हे कसं ठरवलं? "तुम्ही टांग टाकताना मी खिडकीतून बघत होते. पाय टेकत नव्हता तेवढी."

मी नळी धरून उभा राहिलो, तिने पाना फिरवला. ६८.५. नवी सही. पहिल्यांदाच सहीखाली तिचीही घेतली.

२० एप्रिल, रविवार

६४.०. याखाली नळी जात नाही, पाण्याची बाटली अडकवायचा स्क्रू आत आलाय, त्याला लागते.

आज गल्लीच्या टोकापर्यंत. ही सीटला मागून धरून चालत होती, लहान पोराला शिकवताना धरतात तशी. टोकाला वळताना हँडल डाव्या हातातून सुटलं. तिने धरलं. परत येताना सायकल तिने ढकलली आणि मी भिंतीला धरून आलो. वाटेत म्हणाली, "हलकी आहे हो ही. मला वाटायचं किती जड असेल."

सायकल आता स्वयंपाकघराच्या दारापाशी उभी आहे, फरशी सपाट आहे तिथे.

१२ मे, सोमवार

डाव्या अंगठ्याने व्हर्नियरचा जबडा नीट मिटत नाही. बेअरिंगची एकच गोळी पाचदा मोजली, पाच आकडे आले. आठवडाभर हे होतंय. आज नोंदवहीत माझ्या वाचनापुढे सही करायला मी नकार दिला आणि कारण लिहून दिलं.

मॅनेजर आले. हातातला कागद दुमडत, उलगडत उभे होते. म्हणाले, "मास्तर, येत राहा. खुर्ची टाकून देतो. पोरं मोजतील, तुम्ही फक्त सही करा."

"न बघता?"

"तुमच्या सहीला किंमत आहे, मास्तर."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात हातात घेतला. वाईट माणूस नाही. पोरांनी फाटकापर्यंत सोबत केली, रिक्षात बसवलं. त्यातल्या एकाने माझी पट्टी फडक्यात गुंडाळून मांडीवर ठेवली. कुणीतरी हळूच "मिलीमीटर" म्हणालं, तोंडावर, पहिल्यांदाच.

१ जून, रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी डाव्या मांडीचं माप. एप्रिलमध्ये ४५.१, मेमध्ये ४४.०. मी खुर्चीत, ती खाली गुडघ्यावर. उजव्या हाताला पेन्सिल अजून धरता येते, म्हणून ती मोजते आणि तिच्या वहीत मी लिहितो. कामाची ही वाटणी मीच लावून दिली.

तिने वाटीवर पंधराची खूण केली. टेप गुंडाळली. एरवी ती आकडा लगेच सांगते. आज थांबली. मग म्हणाली, "चव्वेचाळीस."

"तेवढंच?"

"तेवढंच. थांबलंय बघा."

टेप माझ्याकडून उलटी दिसत होती. उलटे आकडे वाचायची मला तेवीस वर्षांची सवय आहे. समोरच्याच्या हातातलं गेज कायम उलटंच दिसतं. बेचाळीस आणि पुढे तीन रेघा. तिचा अंगठा त्यावर सरकत होता, पण उशिरा. ताण धरून ४२.६. या वहीत हेच लिहितो, ही वही ती उघडत नाही.

ती वर बघत होती. ऑगस्टपासून तिने एक मिलीमीटर इकडचा तिकडे लिहिला नव्हता.

तिची वही माझ्या मांडीवर होती. 'हे' असं लिहिलेलं पान. मी तारीख घातली. पुढे लिहिलं, ४४.०.

"बरोबर ना?" तिने विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं, आणि सही केली.